डॉक्टर, परत एकदा सांगता का?

गेल्या अंकात लहान मुलांच्या कॅन्सरवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून पाच निवडलीत. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मुंबईत मुलांच्या कॅन्सर वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते, आता गोव्यात साखळीला घरी असते, माडाचे झाप आणि नातवंडं सांभाळते. त्यामुळे कुठलं औषध द्यावं हे मला विचारू नका. पण डॉक्टर आणि आईबाप ह्यांच्यात काय बोलणं होतं आणि काय राहून जातं ते मी बेडच्या बाजूला उभी राहून बघितलंय, तेवढंच सांगू शकते.

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा. गणेश चवथीच्या आधीपासून ताप येऊन-जाऊन होता, पाय दुखतात म्हणायचा, मग पोटऱ्यांवर निळे डाग दिसायला लागले. रक्त तपासलं आणि तिथून सगळंच फिरलं. ब्लड कॅन्सर आहे, एएलएल म्हणतात, मुंबईत उपचार सुरू झालेत. नवरा शिपवर, कॉन्ट्रॅक्ट संपायला अजून तीन महिने. डॉक्टर समोर बसले की माझं डोकं बंद पडतं. ते भराभर सांगतात, मी हो हो करते, बाहेर आले की काही आठवत नाही. नवरा फोनवर विचारतो काय म्हणाले, आणि मी नुसती रडते. परवा ते हाय रिस्क म्हणाले तेव्हापासून झोप नाही. परत विचारलं तर चिडतील असं वाटतं. त्यात सासूबाई म्हणतात मी गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं. – एक आई, डिचोली

उत्तर : बाय, डोकं बंद पडणं हे काही तुझ्या एकटीचं नाही गं. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की पुढचं कुणालाच ऐकू येत नाही. मी कॉलेजात शिकवणारा एक बाप बघितलाय, आत वीस मिनिटं बसून व्यवस्थित मान हलवत सगळं ऐकलं, बाहेर आला आणि मला विचारतो, सिस्टर, आत काय ठरलं? तेव्हा परत विचारायची लाज सोड. डॉक्टरांना तू हो म्हणालीस की त्यांना वाटतं तुला कळलं, ते पुढच्या पेशंटकडे जातात, त्यांना काय स्वप्न पडणार आहे तुला कळलं नाही म्हणून.

त्यावर एकच युक्ती मी सगळ्या आयांना शिकवायची. डॉक्टरांचं बोलून झालं की उठायचं नाही. म्हणायचं, "डॉक्टर, मला कळलं ते असं आहे, बरोबर का बघा," आणि आपल्या शब्दांत परत सांगायचं. जसं की, उद्या पाठीत इंजेक्शन आहे, त्याला सकाळपासून उपाशी ठेवायचं, आणि बुधवारी रक्तातल्या पेशींचे काउंट बघून पुढची केमो. चुकलं तर ते तिथंच दुरुस्त करतात. कळलं का असं डॉक्टरांनी विचारलं की आपण सगळेच हो म्हणतो, पण आपल्या तोंडानं परत सांगायला गेलं की कुठं अडतंय ते लगेच दिसतं. आणि चिडत नाहीत गं, उलट बरं वाटतं त्यांना. एखादा चिडतोही, दिवसाला साठ पेशंट बघून माणूस चिडणारच, पण ते तुझ्यावर नसतं.

आता तुझ्या हाय रिस्कचं. हा शब्द ऐकून मी कित्येक आया जिन्यात बसून रडताना बघितल्यात. त्याचा अर्थ आज मुलाच्या जिवाला धोका असा नाही. आजार पुढे उलटण्याची शक्यता किती, ह्यावरून हे गट पाडतात. वय १ ते १० च्या मधे आणि पहिल्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली असल्या तर साधारण स्टँडर्ड रिस्क धरतात. वय किंवा पेशी त्याच्या बाहेर, किंवा टी सेल प्रकार, किंवा जीन्सच्या तपासणीत काही विशिष्ट बिघाड सापडला, की वरचा गट. वरचा गट म्हणजे औषधं जास्त कडक. तुझा मुलगा ६ वर्षांचा, म्हणजे वयामुळे नाही, मग कशामुळे? हा प्रश्न वहीत पहिला लिही आणि उद्याच विचार.

वही मात्र पाहिजेच. शाळेची दोनशे पानी घे, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, वर तारीख आणि कोण डॉक्टर बोलले ते. काउंट, वजन, कुठली केमो चढवली, सगळं त्यातच. सगळ्यात मोठा प्रश्न पहिला विचारायचा, नाहीतर आपण काय करतो, ताप, भूक, शी, सगळं विचारून झाल्यावर डॉक्टर दाराशी पोचले की मागून हळूच, डॉक्टर, वाचेल ना? तेव्हा त्यांचाही पाय अडखळतो आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर मिळतं. सकाळच्या राउंडलाही विचारू नकोस, मागे आठ-दहा ज्युनियर वह्या धरून उभे असतात. राउंडला एवढंच म्हण, मला पाच मिनिटं बसून बोलायचंय, कधी येऊ. वेळ देतातच. इंग्रजी जड गेलं तर मराठीत सांगा म्हण, समोरचा मराठी नसला तर एखाद्या मराठी सिस्टरला बाजूला उभी कर. कागदावर चित्र काढून दाखवा म्हटलं तरी चालतं, हाडाच्या आतला मगज, त्यातून रक्त कसं तयार होतं, हे चित्रानं पटकन कळतं.

आणि नवऱ्याला त्याच वेळी फोनवर घे. आधी विचारायचं, ह्याचे वडील बोटीवर आहेत, स्पीकरवर ठेवू का? नेटवर्क नसेल तर रेकॉर्ड करू का विचार. चोरून नको, एकदा कळलं की डॉक्टर तोलूनमापून बोलायला लागतात आणि त्यात तुझंच नुकसान. त्या माणसाला तिकडे समुद्रात बसून काय वाटत असेल ह्याचाही विचार कर, रडू दे त्यालाही, पण माहिती त्याला डॉक्टरांच्या तोंडून मिळू दे.

आता पुढचं जे सांगते ते नीट वाच, कारण इथं लोक फसतात. साधारण महिन्याभरानं बोन मॅरो, म्हणजे तोच हाडातला मगज, तपासायला परत काढतील आणि सगळं बरं असलं तर म्हणतील रेमिशन आलं. पेढे वाटायला हरकत नाही, पण रेमिशन म्हणजे बरा झाला नव्हे. मायक्रोस्कोपखाली मगजात १०० पेशींमागे ५ पेक्षा कमी वाईट पेशी दिसल्या की रेमिशन म्हणायची रीत आहे. लपलेल्या अजून असतात. म्हणून एमआरडी नावाची बारीक तपासणी करतात, ती १०,००० पेशींत एक वाईट असली तरी पकडते. त्या दिवशी तुझा प्रश्न हा की एमआरडी किती आली आणि त्यामुळे पुढचं औषध बदलणार का. एकूण उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात, शेवटचं वर्ष-दीड वर्ष बरंचसं घरी गोळ्यांवर. मुलगा टुणटुणीत दिसतोय, केस आले, मग कशाला एवढ्या गोळ्या म्हणून औषध सोडून गावी गेलेली मुलं मी परत आलेली बघितलीत. त्यांच्याबद्दल इथं जास्त लिहवत नाही.

टक्क्यांचंही तसंच. डॉक्टर ९५ टक्के म्हणाले तर विचार, कशाचे? पहिल्या महिन्यात रेमिशन येण्याचे, की पाच वर्षांनी निरोगी असण्याचे? दोन वेगळे आकडे आहेत आणि घाबरलेलं माणूस मोठा तेवढाच ऐकतं. लहान मुलांचा एएलएल हा बऱ्यापैकी बरा होणारा कॅन्सर आहे, श्रीमंत देशांत जवळजवळ ९० टक्के मुलं बरी होतात, आपल्याकडेही चांगल्या ठिकाणी उपचार पुरे केले तर बहुतेक बरी होतात. पण तुझ्या मुलाचा आकडा मी सांगू शकत नाही, तो त्याच्या डॉक्टरांनाच विचार.

डॉक्टरांना विचारायचं तसं सांगायचंही असतं. एक मुलगा होता, पाच वर्षांचा, त्याच्या आईनं मला बोलता बोलता सांगितलं की ह्याची उजव्या पायातली चप्पल हल्ली सारखी गळून पडते, मी दोनदा नवीन घेतली. हे ती दोन आठवडे बघत होती, पण एवढ्याशा गोष्टीला डॉक्टरांचा वेळ काय घ्यायचा म्हणून गप्प. विन्क्रिस्टिन नावाच्या औषधानं नसा कमजोर होतात, पाऊल वर उचलत नाही, म्हणून चप्पल राहत नव्हती. डॉक्टरांनी डोस बघितला, व्यायाम सुरू केला, हळूहळू आलं पाऊल ताळ्यावर. त्यांना चप्पल दिसणार नव्हती, बाय. ती आईलाच दिसते. तेव्हा जिन्यावर अडखळतो, तीन दिवस शी नाही, जबडा दुखतो, सगळं सांग. आणि स्टेरॉइड चालू असताना रात्री दोनला उठून बांगड्याचं हुमण नि शीत मागितलं तर घाबरू नकोस, ती औषधाची भूक आहे, चिडचिडही औषधाचीच.

डिचोलीला परत पाठवताना एक प्रश्न विचारल्याशिवाय बॅग उचलायची नाही, की ताप आला तर गोव्यात कुठं आणि कुणाकडे जाऊ. १०० पॉइंट ४ च्या वर ताप म्हणजे रात्रीचे तीन वाजले असले तरी निघायचं, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. काउंट पडलेले असताना अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जावं लागतं. गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, डॉक्टरांसाठी मुंबईहून पत्र घेऊन ठेव, त्यात कुठली केमो चालू आहे आणि ताप आल्यावर काय करायचं ते लिहिलेलं असू दे. त्या पत्राची एक झेरॉक्स पर्समध्ये, एक शेजाऱ्यांकडे.

पैशाचं आणि राहण्याचं डॉक्टरांना विचारून वेळ घालवू नकोस, त्याला मेडिकल सोशल वर्कर असतात. आपलं गोवा सरकारचं दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड तिथं चालेल का, बाहेरगावच्या मुलांसाठी सेंट ज्यूडच्या केंद्रात खोली मिळेल का, ते त्यांना विचार. रेल्वेची सवलत घे, कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री टायर एसीला तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म लागतो. मांडवी, कोकणकन्या, किती फेऱ्या होतील तुझ्या, हिशोब कर.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. पुढच्या खेपेला त्यांना आत घेऊन जा आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचार, हे माझ्या कशामुळे झालं का? डॉक्टर सांगतील की बहुतेक मुलांत ही पेशी तयार होतानाची अचानक झालेली चूक असते, आईनं काय खाल्लं, काय पाळलं ह्याचा संबंध नाही. तुझ्या तोंडून त्यांना पटणार नाही, डॉक्टरांच्या पटेल. देवाला गाऱ्हाणं घालायचंय तर खुशाल घालू देत. फक्त केमोची तारीख देवाचा कौल घेऊन बदलायची नाही.

प्रश्न : नातू १३ वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो. गुडघ्याला सूज आली, मार लागला असेल म्हणून दोन महिने चोळत बसलो, आता हाडाचा कॅन्सर निघाला, ऑस्टिओसार्कोमा. आम्ही सगळ्यांनी ठरवून त्याला इन्फेक्शन सांगितलंय. डॉक्टरांनाही हात जोडून सांगितलं त्याच्यासमोर काही बोलू नका. पण आता ते म्हणतात त्याला सांगायलाच पाहिजे. कोवळं पोर आहे, कसं सोसेल? – एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, तुमची माया कळते, पण त्याला बहुतेक कळलेलं आहे. तेरा वर्षांचं पोर, हातात मोबाइल, बाजूच्या बेडवर टक्कल पडलेली मुलं, वॉर्डाच्या दारावर पाटी. आमच्याकडे एक मुलगी होती ह्याच वयाची, आईबाप बाहेर गेले की मला म्हणायची, सिस्टर, मला माहितेय, पण आईला सांगू नका, ती रडेल. म्हणजे दोन्हीकडून लपवाछपवी आणि मधे ती एकटी.

चोळत बसलो म्हणून स्वतःला दोष देताय तेही सोडा, खेळणाऱ्या पोराचा गुडघा सुजला तर आधी कुणाच्याही मनात मारच येतो.

डॉक्टर बरोबर म्हणतायत. ह्या आजारात आधी काही आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. हल्ली बहुतेक वेळा पाय वाचवतात, खराब हाड काढून आत धातूचा सांधा बसवतात, पण सगळ्यांचा वाचतोच असं नाही. इन्फेक्शनला केस कसे गेले, इन्फेक्शनला हाड कसं काढलं, हे त्याला तुम्ही काय सांगणार? ऑपरेशन झाल्यावर कळलं तर तो पुन्हा तुमच्यातल्या कुणावर विश्वास ठेवणार नाही, आणि उपचार तर वर्षभराचे.

सांगायचं कसं, तर आधी आईबापांनी डॉक्टरांना वेगळं भेटायचं आणि ठरवायचं की पहिला शब्द आई काढेल, पुढचं डॉक्टर सांगतील. कॅन्सर हा शब्द वापरायचा. गाठ, सूज, खराब पेशी असलं काही नको, मुलांच्या मनात त्याहून भयंकर चित्र तयार होतं. एका बैठकीत सगळं ओतायचं नाही, तो विचारेल तेवढं. तुमचा नातू बहुतेक पहिला विचारेल, मी परत खेळणार का? तेव्हा हो हो नक्की म्हणू नका. धातूचा सांधा बसला की धावपळीचा, धक्क्याचा खेळ सहसा बंद करायला सांगतात, पोहणं, सायकल ह्याचं त्याच्या डॉक्टरांना विचारायचं. हे त्यानंच डॉक्टरांना विचारू दे, आणि तेव्हा तुम्ही मधे बोलू नका.

अजून एक, हे लिहायला मलाही संकोच वाटतो पण घरात कुणी विचारणार नाही म्हणून लिहिते. ह्या केमोनं पुढे मूलबाळ होण्यावर परिणाम होऊ शकतो. मुलगा वयात आला असेल तर पहिली केमो चढायच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. एकदा सुरू झाल्यावर उपयोग नाही. डॉक्टरांच्या गडबडीत हे कधीकधी राहून जातं, तर त्याच्या बाबांनी स्वतःहून विषय काढायचा. आणि कानाची तपासणी आधी करणार का तेही विचारा, ह्यातल्या सिस्प्लाटिन औषधानं ऐकू येणं कमी होऊ शकतं.

प्रश्न : मुलगी ३ वर्षांची, किडनीची गाठ, विल्म्स ट्यूमर सांगितलाय. दुसरीकडे दाखवायचं मनात आहे, पण हे डॉक्टर दुखावले तर? – फोंड्याचे एक वडील

उत्तर : दुखावत नाहीत हो. सरळ म्हणा, आम्हाला एकदा दुसरं मत घ्यायचंय, कागद द्याल का. सीटी स्कॅनची सीडी, सगळे रिपोर्ट, आणि बायोप्सी झाली असेल तर तिच्या स्लाइड आणि मेणात जपलेल्या तुकड्याचे ब्लॉक, नुसता रिपोर्ट नको, दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्लाइड बघतो, आपला कागद नाही. आणि ह्याच डॉक्टरांना विचारा, किती दिवस थांबलं तर चालेल? ते म्हणाले आठवडा तर आठवडाच, तीन शहरं फिरून महिना घालवायचा नाही. हा ट्यूमर चांगल्या ठिकाणी बहुतेक मुलींचा-मुलांचा बरा होतो, वेळ मात्र महत्त्वाची. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तिचं पोट दाबून गाठ कुठाय ते बघू देऊ नका, फुटू शकते ती.

प्रश्न : प्लेटलेट वाढायला शेजारीण रोज पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल पाठवते. मुलाला केमोच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतील म्हणून सांगितलं नाही. – वाळपईहून

उत्तर : ओरडू देत, सांगा. आजच, फोन करून. तुमच्या मुलाच्या गोळ्या बहुतेक मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट असतील, त्यांचा भार आधीच लिव्हरवर, आणि गुळवेलीनं लिव्हरला सूज आल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवल्यात. रिपोर्टात लिव्हर बिघडलेलं दिसलं की डॉक्टर बिचारे केमोला दोष देऊन डोस कमी करणार, आणि खरं कारण तुमच्या शेजारणीच्या डब्यात. कच्च्या रसात जंतू असतात तो प्रश्न वेगळाच. शेजारणीला सांगा, डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणजे ती दुखावणार नाही. तिला काही पाठवायचंच असेल तर गरम पेज पाठवू दे.

प्रश्न : आमच्या मुलीचा मेन्टेनन्स, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या गोळ्यांचा शेवटचा टप्पा, पुढच्या महिन्यात संपतोय, अडीच वर्षं झाली! शेवटच्या दिवशी डॉक्टरांना काय विचारू, आणि त्यांना काय भेट देऊ? – म्हापशाची एक आई

उत्तर : वाचून मी नातवाला ओरडून सांगितलं बघ, एक पोर सुटली. विचारायचं एकच, उपचारांचा सारांश लेखी द्या. कुठली औषधं, एकूण किती डोस, खास करून डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस, कारण त्याचा परिणाम पुढे कित्येक वर्षांनी हृदयावर दिसू शकतो आणि मोठेपणी कुठल्याही डॉक्टरला तो आकडा लागतो. हृदयाचा इको कधी-कधी करायचा, राहिलेल्या आणि परत घ्यायच्या लसी कधी सुरू करायच्या, तपासणीला किती दिवसांनी यायचं, हेही त्यातच लिहून घे. लॅमिनेट करून ठेव, पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या कागदाला बुरशी लागते.

भेट म्हणशील तर तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो दे, वॉर्डाच्या भिंतीवर लावतात, नवीन आलेल्या आया त्याच्यासमोर उभ्या राहतात. आणि काजू नेशील तर नर्सेसच्या खोलीतही एक पाकीट ठेव, बहुतेक वेळा डॉक्टरांच्या केबिनमधून ते आमच्यापर्यंत पोचत नाही.